हलना नाय म्हंजे बरो आसा

गाडीच्या चाकाचा नट काही केल्या सुटत नाही म्हणून खूश होऊन मांडी थोपटणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो माझाच बापूस. "जो नट चार माणसांक हलना नाय, तो चलत्या गाडीत आपसूक खंय सुटतलो? हलना नाय म्हंजे बरो आसा!" असं बाबा म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आये सोडून. आता माझे केस पिकले, दात रात्रीचे पेल्यात जातात, पण ते वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो. घरात कुणी माणूस फार गप्प, फार जागच्या जागी दिसलं की मला आधी संशय येतो. सून म्हणते, आई, तुम्ही उगाच उकरून काढता. काढते बाई! ज्यानं एकदा तसला नट पाहिला, तो काढणारच.

मालवणात बंदराकडून वर येणाऱ्या वाटेला लागून आमचं घर. घरात आधी पडाव होता, मग मोटार आली. पडाव म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत. आजोबांच्या वेळेपासून नारळ-सुपारी घेऊन मुंबईला जायचं आणि येताना कौलं, कापड, साखर घेऊन यायचं. पुढं लॉऱ्या आल्या, पडावाला माल मिळेनासा झाला. बाबांनी तो विकला तेव्हा जेवले नाहीत म्हणे. त्या पैशांतून त्यांनी मुंबईहून एक जुनी काळी मोटार आणली, भाड्यानं चालवायला. पण पडाव दारातून गेला तरी डोक्यातून गेला नाही. मोटारीच्या तोंडाला आमच्याकडं नाळ म्हणत आणि स्टिअरिंगला सुकाणू. पडाव हाकणारे आमचे तांडेल भिवाकाका उतारवयात गाडी शिकले आणि ड्रायव्हर झाले. वळण आलं की ते आधी वारा कुठून आहे ते बघत. आणि मृगाच्या तोंडावर सगळे लोक आपापल्या होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायचे, तेव्हा आम्ही आमची मोटार शाकारायचो! दोन-अडीच महिने मोटार झापांखाली. गावातले लोक पोट धरून हसत. बाबा म्हणत, "हसांदेत. खाऱ्या वाऱ्यान तुमच्यो गाडयो सडतल्यो, तेवा मी हसतलंय."

शाकारण्याआधी भिवाकाका गाडीला चुना भरायचे. चुना आणि तेल कुटून, मळून केलेला तो लगदा पडावाच्या तळाला लावतात, पाणी आत शिरू नये म्हणून. वाळला की दगड. तोच लगदा ते चाकांच्या तोंडांवर, बोल्टांवर, जिथं फट दिसेल तिथं अंगठ्यानं दाबून बसवायचे. पडावावरचा त्यांचा डबा, त्यातली लाकडी मोगरी, पडावाच्या सुकाणूचे उरलेसुरले नट-बोल्ट, सगळं ड्रायव्हरच्या सीटखाली असायचं. नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडला की दुसरा नारळ मोटारीसमोर फुटायचा, झाप उतरायचे, आणि आमचा धंद्याचा हंगाम सुरू व्हायचा. आजच्या एखाद्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो भोवळ येऊन पडेल.

आयेला मात्र गाडीचं कौतुक कधीच नव्हतं. ती एकदाही त्या गाडीत बसली नाही. "माझे पाय आसत," एवढंच म्हणायची. पण तिचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला होतं, आणि आयेला कानांनी दिसायचं. गाडी देऊळवाड्याचं वळण घेते आहे हे तिला आमच्या आधी कळे. मग ती बांगड्याचं तिखलं परत चुलीवर ठेवायची, तिरफळांचा वास सुटायचा, आणि बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ताटात वाफाळता भात. त्याच कानांनी तिनं एक दिवस सांगितलं, "त्या मागच्या उजव्या चाकाचो आवाज माका बरो लागना नाय. टक करता, मगे गप रवता, मगे परत टक." बाबा हसले. म्हणाले, "तू आता इंजनेर झालंस? मासळी बघ." भिवाकाका हसले नाहीत. ते सोलकढीची वाटी तोंडाला लावून बसले आणि बराच वेळ ती खाली ठेवली नाही. हे मला आत्ता आठवतं; तेव्हा मी कोकमाची फोड कुणाच्या वाटीत जास्त गेली ते बघत होते.

आता बाय. माझी थोरली बहीण. नाव तिचं दुसरं होतं, पण सगळा गाव तिला बायच म्हणायचा. माझ्यासारखी तोंडाळ नाही. तिला खरचटलं तरी ती आधी परकराचा सोगा धरून रक्त पुसणार आणि मग कुणी विचारलं तर "काय नाय" म्हणणार. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, नांदगावाला दिली. मोठं घर, भाताची जमीन, काजूची झाडं. आमचे लोक हुरळले. आमच्याच गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, भिवाकाका नवं पागोटं बांधून सुकाणूवर बसले, मागं बाय, नवरा आणि सासू. मला नेली नाही म्हणून मी रस्त्यात लोळण घेतली होती. मामानं दिलेलं पिवळं लुगडं बायच्या अंगावर होतं. त्याला आयेनं स्वतः परत हळदीचं पाणी दिलं होतं, रंग फिका वाटला म्हणून, आणि काठ होता हिरवा. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा त्या लुगड्याच्या पदराचा एक कोपरा गायब. आयेनं विचारलं, "काठ खंय गेलो गे?" बाय म्हणाली, "देवळात खिळ्याक अडाकलो." आये हळहळली, कोपरा दुमडून शिवून दिला, आणि विषय संपला.

शिमग्याला आली तेव्हा बाय वाळली होती. हाताची काकणं कोपरापर्यंत सरकत. "तुका बरा आसा मा?" आये विचारायची. "सगळा बरा आसा," बाय सांगायची, आणि उठून भांडी घासायला बसायची. पाऊस लागला, गाडी झापांखाली गेली, आणि श्रावणात नांदगावाहून निरोप आला की बाय सातव्यात आहे, पहिलं बाळंतपण, येऊन घेऊन जा.

बाबांचा आनंद काय सांगू! नारळी पुनव झालीच होती. "माझ्या चेडवाक मी माझ्या गाडीन हाडतलंय. येष्टीच्या धक्क्यांत नाय." तेवढ्यात भिवाकाका, जे बाबांपुढं कधी हूं की चूं करत नसत, ते खाली मान घालून म्हणाले, "धनी, येष्टीनच हाडुया." बाबांना ते लागलं. तांडेलानंच आपल्या गलबताला नाव ठेवावं! ते काही बोलणार तोच आये पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते, घावणे घालत होती. म्हणाली, "गाडीन हाडा नायतर कशानय हाडा. पण ता उजवा चाक उघडून बघल्याशिवाय माझ्या चेडवाक मी त्या गाडीत बसवूचंय नाय." आणि आत गेली. घावण करपल्याचा वास आला. आयेचं घावण करपलं म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं आम्हाला कळत होतं.

झालं, चाक उघडायचं ठरलं. चाकाच्या मधोमध, आसाच्या टोकावर तो मोठा नट असतो, त्याच्यावर सगळं चाक राहतं. तो काढायचा, मग आतला हब ओढून काढायचा, मग ब्रेक दिसतात. मला गाडीत बसवून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरायला सांगितलं, म्हणजे चाक फिरू नये. मी अगदी राणीसारखी बसले. बाबांनी चाकावरचा चुना छिन्नीनं फोडला, नटातून आरपार ओवलेली तार कापली, पाना लावला, पान्यात नळाचा पाइप घातला आणि लोंबकळले. नट ढिम्म. शेजारचे तीन गडी बोलावले. ढिम्म. घासलेट ओतून दुपारभर मुरत ठेवलं, तोवर सगळ्यांनी पेज आणि सुकटीची किसमूर खाल्ली, परत लोंबकळले. पाना सटकला, बाबांची बोटं सोलवटली, आणि त्यांनी नटाच्या आईबापांपासून सगळ्यांचा उद्धार केला. "शिरा पडो तुझ्या तोंडार!" नटाला तोंड कुठलं, पण बाबांना त्याचं काय. भिवाकाका लांब माडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून होते. बोलावलं तर "पाठीत कळ इलीहा" म्हणाले. त्यांची पाठ कधी दुखलेली मी पाहिली नव्हती. आणि मग संध्याकाळी, घामानं निथळत, बाबांनी मांडी थोपटून ते वाक्य म्हटलं: हलना नाय म्हंजे बरो आसा. सगळे हसले, चला सुटलो. चहा सांगितला.

आयेनं चहा केला नाही. ती डोकीवरून पदर घेऊन थेट बाजाराकडं गेली आणि येताना पास्कू मेस्त्रीला घेऊन आली. पास्कू म्हणजे बाजारातला लॉऱ्या दुरुस्त करणारा फिटर, आडदांड, सदा चिडलेला. त्याच्याकडं जायचं नाही अशी बाबांची शपथ होती, कारण झापांवरून सगळ्यात जास्त तोच हसायचा. आला तोच म्हणाला, "काय शेठ, तारवाक इंजिन कधी बसवतास?" पास्कूनं पाना लावून पाहिला, एक शिवी घातली, आणि करवंट्या पेटवायला सांगितल्या. करवंट्यांचे निखारे पत्र्याच्या डब्यात घालून डबा नटाला चिकटवून धरला आणि भात्यानं फुंकायला लागला. मी आपली ब्रेकवर पाय रोवून, खिडकीतून वाकून बघत. जळक्या तेलाचा वास यायला लागला, मासळीच्या गोदामातल्यासारखा. मग आतून टाचेखाली शिंपला फुटावा तसा कडकन आवाज आला.

"सुटलो!" बाबा ओरडले. पास्कूनं पाना फिरवला. नट फिरला. सहज फिरला. परत फिरवला, परत फिरला. पण बाहेर येईना, नुसता जागच्या जागी गोल. पास्कूच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं पाना खाली ठेवला, ओलं पोतं हातात घेतलं, दोन बोटांनी नट धरला आणि सरळ ओढला. आणि तो आला! सैल बांगडी हातातून उतरावी तसा आला. पास्कू तो नट उजेडात धरून बघत होता. "सायबा माझ्या," तो एवढंच म्हणाला. मग बाबांच्या पुढ्यात नट टाकला. "ह्यो ह्या गाडीचो नट न्हयच. मोठो आसा. ह्येचे आटेच खंय धरूक नाय. नुसतो अडकवलेलो, चुन्यान आणि चिंधयेन."

चिखलात उभी गाडी आणि तिच्यात मी. मी ब्रेकवरचे पाय उचलून सीटवर घेतले. पास्कूनं गाडी चिऱ्यांवर उचलून घेतली, चाक काढलं, हब ओढायचं तीन पायांचं अवजार बाहेर काढलं. कारण हब आसावर असा घट्ट बसतो की अवजाराशिवाय निघत नाही, आणि निघताना बंदुकीसारखा वाजतो. ते अवजार लावायची वेळच आली नाही. बाबांनी बघायला म्हणून ब्रेकच्या ड्रमला हात लावला आणि अख्खा हब ड्रमसकट त्यांच्या मांडीवर आला. ज्या आसावर तो आवळून बसायचा तो आस झिजून गुळगुळीत झाला होता. म्हणजे ज्या नटाला आम्ही दिवसभर शिव्या घातल्या, जो हलत नाही म्हणून मांड्या थोपटल्या, तो हलत नव्हता कारण तो आट्यांवर नव्हे, दगड झालेल्या चुन्यात बसला होता. आणि त्याच्या मागं काहीही धरलेलं नव्हतं. गाडी हंगामभर चुन्यावर धावली होती.

बाबा तो हब मांडीवर घेऊन तसेच बसले. त्यांचे ओठ हलत होते. नंतर त्यांनीच सांगितलं, ते माणसं आठवत होते: कणकवलीच्या इस्पितळात नेलेली ती बाळंतीण, शाळेच्या तपासणीला आलेले साहेब, तारकर्लीचं सगळं वऱ्हाड, टपावरची पोरं. घाट, उतार, पूल. मग एकदम उठले आणि भिवाकाकांवर धावून गेले. मी बाबांना कुणावर हात उगारताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुझा काम ह्या! तुझ्याच डब्यातलो नट! माणसां मारूक बसलं होतंस, मेल्या?" भिवाकाकांनी हात जोडले. तेवढ्यात आये म्हणाली, "थांबा."

ती खाली बसली होती. नटाच्या आतली जळकी चिंधी ती नखानं सोडवत होती. बाहेरून काळी, तेलकट. पण आतला पदर उलगडला तर पिवळा. हळदीचा पिवळा. आणि कडेला दोन बोटं हिरवा काठ. आयेनं तो चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी गाडीतून उडी मारून तिच्याकडं धावले. "भिवा," ती म्हणाली, "ह्या माझ्या बायचा लुगडा. ह्या हय कसा इला?"

मग भिवाकाका रडले. तो एवढा दर्यावरचा माणूस, पोरासारखा हुंदके देत बोलला. लग्नाच्या दिवशी कसालजवळ गाडीत पाणी घालायला थांबले. नवरा, सासू चहाच्या हाटेलात गेली. बाय गाडीतच, कारण व्हकलेनं, म्हणजे नवरीनं, सासरचा उंबरा येईपर्यंत वाटेत पाय खाली ठेवायचा नाही अशी आमच्याकडची रीत. भिवाकाकांनी पाहिलं तर मागच्या चाकाचा नट गायब. "मी बायक सांगलंय, हयच थांबूया, दुसरी गाडी येवंदे. तर बाय म्हणता, काका, सांगू नकात. व्हकलेच्या गाडीचा चाक वाटेत सुटला तर चाकाक कोण नाव ठेवूचो नाय. माका ठेवतले. काय गावता ता घाला, पण माका पोचवा." भिवाकाकांना डब्यात पडावाच्या सुकाणूचा नट सापडला, तो मोठा. चुना होता, भरायला कापूस नव्हता. बायनं आपल्या पदराचा कोपरा दातांनी फाडून खिडकीतून दिला. "आणि माका शपथ घातल्यान, कोणाक बोलूचा नाय म्हणान. त्या दिसापासना मी गाडी कशी चालवलंय ता माझा माका म्हायत. नवो नट मालवणात गावना नाय, मागवूचो तर धन्यांक सांगूक होया. आणि तिची शपथ."

मी तेव्हा विचारलं नाही, पण पुढं आयुष्यभर मला एकच प्रश्न पडत आला. कसालपासून नांदगावापर्यंत ती पोरगी त्या चाकाच्या बरोब्बर वर बसली होती. सासू शेजारी, अंगावर हळद, कपाळाला मुंडावळ्या. तिला ऐकू येत असणार, टक, मग गप, मग टक. ती काय करत असेल? हसत असेल, बहुतेक. नवरीनं हसतमुख असावं.

बाबांनी त्या दिवशी भिवाकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पास्कूनं चहा न घेता अवजारं गुंडाळली; झापांवरून तो पुन्हा कधी हसल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आये आणि बाबा एस्टीनं नांदगावाला गेले आणि बायला घेऊन आले. पोट पुढं, बाकी नुसती हाडं. आयेनं तिला न्हाऊ घातलं, मऊ पेज, कुळथाची पिठी, वर लोण्याचा गोळा असं वाढलं. बाय इतक्या घाईनं खात होती, जणू कुणी ताट ओढून नेणार आहे. आये चुलीशी, मी दारात, बाबा बाहेर पडवीत. आयेनं ती पिवळी चिंधी धुऊन ठेवली होती. ती तिनं बायच्या पानाशेजारी ठेवली. बायचा हात थांबला.

आता आये रागवेल, मला वाटलं. सगळ्यांचा जीव धोक्यात घातलास म्हणेल. आयेनं फक्त विचारलं, "बाय, आणि थय काय काय बुजवन ठेवलंस गे?"

बायनं नेहमीसारखं "काय नाय" म्हणायला तोंड उघडलं. ते तिच्या तोंडून आलं नाही. घास पानात ठेवून ती म्हणाली, "सगळाच, आये." आणि मग जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे, आणि ती अजून आहे. आये ऐकत होती आणि चुलीतली लाकडं पुन्हा पुन्हा तीच मागंपुढं करत होती. बाहेर पडवीत बाबांची सुपारी कातरायची थांबली होती.

बायला मुलगी झाली. बारसं होऊन गेल्यावर नांदगावाहून माणूस आला, पाठवा म्हणून. बाबा म्हणाले, "आदी मी जावन बघान येतंय." पहाटेच्या एस्टीनं ते एकटे गेले. परत आले ते दिवेलागणीला. मी वाटेवर उभी होते. बाबा वळणावरून येताना दिसले, आणि त्यांच्या डोकीवर बायची लग्नातली पेटी होती. ती त्यांनी माजघरात नेऊन ठेवली, पागोट्यानं घाम पुसला, आणि आयेला म्हणाले, "पेज वाढ गो. भूक लागलीहा."